डोक्यातला कोंडा आणि त्याची कारणं

कोंडा म्हणजे डोक्याच्या कातडीचे सुटणारे पांढरे-पिवळट पापुद्रे. तशी कातडी सगळ्यांचीच झडते, जुन्या पेशी जाऊन नव्या यायला साधारण महिना लागतो आणि पडतं ते इतकं बारीक की दिसतच नाही, पण कोंडा झाला की हे सगळं घाईत होतं, पेशी कच्च्या असतानाच गठ्ठ्यानं सुटतात आणि काळ्या शर्टावर मग लपत नाहीत.

यामागं मालासेझिया नावाची बुरशी असते. ती कुठून लागत-बिगत नाही, जवळपास प्रत्येकाच्या डोक्यावर आधीपासून असतेच. तिला स्वतःला फॅटी ॲसिड बनवता येत नाही म्हणून ती आपल्या डोक्यातून निघणाऱ्या तेलावर, म्हणजे सीबमवर जगते, ते फोडते, आणि त्यातून सुटलेलं ओलिक ॲसिड ज्याच्या कातडीला सोसत नाही त्याला खाज सुटते, पापुद्रे निघतात. म्हणून एकाच बाथरूममधला एकच शॅम्पू वापरणाऱ्या दोन भावांपैकी एकालाच कोंडा असू शकतो, त्यात मळकटपणाचा काही संबंध नाही. वयात येताना सीबम वाढतं, तेव्हाच हा प्रकार सुरू होतो.

नागपुरात डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली गेला की कोंडा वाढतो, आणि घरचे म्हणतात डोकं कोरडं पडलं, तेल चोपड! रात्रभर तेल ठेवलं की पापुद्रे चिकटून बसतात, दोन दिवस बरं वाटतं, पण बुरशीला आयतं जेवण मिळतं (खोबरेल तेलसुद्धा त्यातलंच). मे महिन्यात ४५ अंशांत दुपट्टा, त्यावर हेल्मेट, आत घाम, मग खाज वाढते. बोअरच्या जड पाण्याला उगाच शिव्या बसतात, त्यानं केस राठ होतात एवढंच.

सगळे पापुद्रे कोंड्याचेच नसतात हं. चंदेरी जाड खपल्या केसांच्या रेषेबाहेर आल्या तर सोरायसिस असू शकतो, हेअर डायनंतर आग झाली तर ॲलर्जी. लहान मुलाचे केस तुटून चट्टा पडला तर तो बहुतेक नायटा, त्याला पोटातूनच औषध लागतं, तेव्हा सरळ नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या स्किन ओपीडीत दाखवावं.

साध्या कोंड्याला केटोकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाचा शॅम्पू चालतो, पण तो केसांना नाही तर कातडीला लावून ३ ते ५ मिनिटं ठेवायचा असतो. बुरशी कायमची जात नाही, त्यामुळं वापर थांबवला की काही आठवड्यांत कोंडा परत येतोच.