तिमोर-लेस्ते : राज्यव्यवस्था

आग्नेय आशियातील तिमोर बेटाच्या पूर्व भागात वसलेले प्रजासत्ताक. राजधानी दिली. २० मे २००२ रोजी देश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी त्याची राज्यघटना अमलात आली. एकविसाव्या शतकात जन्मलेले हे पहिले सार्वभौम राष्ट्र. पोर्तुगीज अमदानीत हा मुलूख दीर्घकाळ गोव्याच्या व्हाइसरॉयच्या कक्षेत होता. एकोणिसाव्या शतकात तो गोव्यापासून तोडण्यात आला.

फ्रेटिलिन या पक्षाने २८ नोव्हेंबर १९७५ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले, पण अवघ्या नऊ दिवसांत इंडोनेशियाचे सैन्य दिलीत उतरले. पुढची चोवीस वर्षे हा देश इंडोनेशियाचा ‘सत्ताविसावा प्रांत’ होता. या काळात संघर्ष, उपासमार आणि आजार यांनी किमान १ लाख २ हजार माणसे दगावली, असा सत्यशोधन आयोगाचा अंदाज आहे. ३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर इंडोनेशियाधार्जिण्या टोळ्यांनी गावेच्या गावे जाळली. म्हणून संयुक्त राष्ट्रांनी सेर्जियो व्हिएरा दे मेलो यांच्या नेतृत्वाखाली संपूर्ण प्रशासन स्वतःकडे घेतले. राज्य चालवण्याचा अनुभव असलेली माणसे तेव्हा देशात मोजकीच होती. आजच्या व्यवस्थेचे गुणदोष समजून घेताना हे विसरून चालत नाही.

घटना समितीची निवडणूक ३० ऑगस्ट २००१ रोजी झाली. ८८ पैकी ५५ जागा फ्रेटिलिनने जिंकल्या आणि पोर्तुगालच्या राज्यघटनेची छाप असलेली अर्ध-अध्यक्षीय पद्धती, म्हणजे राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान यांच्यात सत्ता वाटणारी रचना, स्वीकारली गेली. नव्याने निवडणूक न घेता याच समितीचे पहिल्या संसदेत रूपांतर करण्यात आले. विरोधकांना हे खटकले, आणि त्यांचा आक्षेप रास्तच होता.

राष्ट्राध्यक्ष थेट जनतेतून पाच वर्षांसाठी निवडला जातो व सलग दोनच कार्यकाळ पदावर राहू शकतो. तो कायद्यांवर नकाराधिकार वापरू शकतो, ठरावीक परिस्थितीत संसद विसर्जित करू शकतो आणि सेनादलांचा सर्वोच्च प्रमुखही असतो. रोजचा कारभार मात्र पंतप्रधान व मंत्रिमंडळ यांच्या हाती असून ते संसदेलाही उत्तरदायी असतात. राष्ट्रीय संसद एकसदनी असून तिचे ६५ सदस्य प्रमाणशीर पद्धतीने निवडले जातात. सारा देश हा एकच मतदारसंघ. मत उमेदवाराला नव्हे, पक्षाच्या यादीला मिळते; जागा मिळवण्यासाठी किमान ४ टक्के मते लागतात. यादीत दर तीन नावांमागे एक स्त्री असावी लागते. मतदानाचे वय १७ आहे.

कागदावरच्या या रचनेची पहिली कसोटी २००६ मध्ये लागली. पक्षपाताच्या तक्रारी करणाऱ्या सुमारे ६०० सैनिकांना बडतर्फ केल्यानंतर लष्कर आणि पोलीस एकमेकांवर उलटले, हजारो लोक छावण्यांत गेले आणि पंतप्रधान मारी अल्कातिरी यांना पद सोडावे लागले. राष्ट्राध्यक्ष शनाना गुझ्माव आणि अल्कातिरी यांच्यातील जुने वैर तेव्हा उघडे पडले. पुढील वर्षीच्या निवडणुकीत फ्रेटिलिनला सर्वाधिक, म्हणजे २१ जागा मिळाल्या. पण १८ जागांच्या सीएनआरटी या नव्या पक्षाचे नेते गुझ्माव यांनी आघाडी जुळवून बहुमत दाखवले. घटनेचे कलम १०६ सर्वात मोठ्या पक्षाला पहिली संधी देते, की बहुमत असलेल्या आघाडीला? राष्ट्राध्यक्ष जोझे रामोस-होर्ता यांनी दुसरा अर्थ मानून गुझ्माव यांना पाचारण केले. फ्रेटिलिनने हे सरकार घटनाबाह्य ठरवले, तरी संसदेत विरोधी बाकांवर बसणे पत्करले. शस्त्रे उचलण्याची सवय असलेल्या पिढीने हा निर्णय घेतला, म्हणून तो या देशाच्या लोकशाहीत मोलाचा ठरतो.

२०१५ मध्ये गुझ्माव यांनी स्वतःहून पंतप्रधानपद सोडून ते फ्रेटिलिनच्या रुई मारिया दे अराऊजो यांना दिले. दोन मोठे पक्ष एकत्र आल्याने स्थैर्य आले, पण संसदेत जाब विचारणारे कोणी उरले नाही. ती जागा राष्ट्राध्यक्ष तौर मातान रुआक यांनी भरून काढली आणि अर्थसंकल्प परत पाठवला. २०१७ मध्ये अल्कातिरी यांच्या अल्पमतातील सरकारचा कार्यक्रम संसदेने फेटाळला, जानेवारी २०१८ मध्ये संसद विसर्जित झाली आणि मेमध्ये मुदतपूर्व निवडणूक झाली. त्यानंतर रुआक पंतप्रधान झाले. राष्ट्राध्यक्ष फ्रान्सिस्को गुतेरेस ‘लु-ओलो’ यांनी मात्र गैरव्यवहाराच्या आरोपांचे कारण देऊन अनेक नियोजित मंत्र्यांची नेमणूकच केली नाही. २०२३ च्या निवडणुकीत सीएनआरटीला ३१ जागा मिळाल्या व गुझ्माव पुन्हा पंतप्रधान झाले. रामोस-होर्ता त्याआधीच, २०२२ मध्ये, पुन्हा राष्ट्राध्यक्षपदी आले होते. नावे पाहिली तर मुक्तिलढ्याच्या पिढीबाहेर सर्वोच्च सत्ता क्वचितच गेली आहे. घटनेतील अधिकारांची वाटणी प्रत्यक्षात या चार-पाच जणांच्या परस्पर संबंधांवर ठरते, आणि हीच या व्यवस्थेची सर्वात मोठी उणीव आहे.

सत्तेचा खरा आधार तेल व वायूचा पैसा आहे. २००५ मध्ये नॉर्वेच्या धर्तीवर पेट्रोलियम निधी स्थापन झाला. सारे उत्पन्न त्यात जमा होते आणि संसदेच्या मंजुरीनेच बाहेर येते. वर्षाला एकूण पेट्रोलियम संपत्तीच्या ३ टक्के इतकी रक्कम शाश्वत मानली जाते. तिच्याहून जास्त काढायची तर सरकारला संसदेपुढे कारणे मांडावी लागतात. अशी जास्त रक्कम वर्षानुवर्षे काढली गेली आहे आणि मुख्य वायुक्षेत्र आटले आहे, त्यामुळे ही चिंतेची बाब ठरते.

गावपातळीवर ‘सुको’ हे एकक असून त्याचा प्रमुख पक्षचिन्हाविना निवडला जातो. जमिनीचे तंटे, घरगुती भांडणे, जंगल-पाण्याच्या वापरावरील ‘तारा बांदू’ ही पारंपरिक बंदी अशा गोष्टी लोक आधी त्याच्याकडेच नेतात. पश्चिम तिमोरमध्ये अलग पडलेला ओएकुसे हा प्रदेश विशेष प्रशासकीय दर्जाचा आहे. न्यायव्यवस्था हा दुबळा भाग. घटनेत अभिप्रेत असलेल्या सर्वोच्च न्यायालयाचे काम अपील न्यायालयच पाहत आले, आणि २०१४ मध्ये परदेशी न्यायाधीशांना अचानक देशाबाहेर काढल्याने अनेक खटले अडकून पडले.

सप्टेंबर २०२५ मध्ये खासदारांसाठी नव्या गाड्या घेण्याच्या निर्णयाविरुद्ध आणि माजी लोकप्रतिनिधींच्या तहहयात निवृत्तिवेतनाविरुद्ध दिलीतील विद्यार्थी रस्त्यावर उतरले. संसदेने गाड्यांची खरेदी रद्द केली व निवृत्तिवेतन बंद करण्याच्या बाजूने मतदान केले. पुढच्याच महिन्यात देश आसियान या आग्नेय आशियाई राष्ट्रांच्या संघटनेचा अकरावा सदस्य झाला.