बाजीप्रभूंचा पुतळा पन्हाळ्यावर, पण रणभूमी दूर

पन्हाळ्यावर दोन्ही हातांत शस्त्रे घेतलेल्या बाजीप्रभू देशपांडे यांच्या पुतळ्यासमोर फोटो काढणाऱ्या अनेक पर्यटकांचा असा समज असतो, आणि तो मुलांना सांगितलाही जातो, की बाजीप्रभू याच गडावर लढता लढता पडले. हा समज चुकीचा आहे.

सिद्दी जौहरचा वेढा पन्हाळ्याला १६६० च्या मार्चपासून पडला होता. १२ जुलैच्या रात्री, ऐन आषाढाच्या पावसात, शिवाजी महाराज राजदिंडीच्या वाटेने बाहेर पडून विशाळगडाकडे निघाले. त्याच रात्री महाराजांचे सोंग घेऊन पालखीत बसलेले शिवा काशीद शत्रूच्या हाती सापडले व मारले गेले. त्यांची समाधी पायथ्याच्या नेबापूरला आहे. (पुतळ्यापाशी थांबणाऱ्यांपैकी फारच थोडे तिकडे वळतात.) दुसऱ्या दिवशी बाजीप्रभूंनी पाठलागावरील फौज जिथे अडवून धरली, ती घोडखिंड, म्हणजेच आजची पावनखिंड, विशाळगडाच्या बाजूला, शाहूवाडी तालुक्यात, कासारी नदीच्या उगमाकडील डोंगरात आहे. खुद्द विशाळगडालाही सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी यांचा वेढा होता. तो फोडून महाराज वर पोहोचेपर्यंत खिंड लढवावी लागली. बाजीप्रभू आणि त्यांचे बंधू फुलाजी यांच्या समाध्याही विशाळगडावरच आहेत.

कोल्हापुराहून पन्हाळा जेमतेम वीस किलोमीटर असल्याने सहल तिथेच आटोपते. पावनखिंडीसाठी मात्र वेगळा दिवस काढावा, आणि पावसाळ्यात निसरड्या दगडांवरून खिंडीत उतरताना घाई करू नये.