रील काठीला धरून कोण ठेवतं?

भरती लागली होती, खाडीच्या धक्क्यावर आम्ही सात-आठ जण गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, बसलो होतो आणि माझ्या हातात मी स्वतः बनवलेली काठी होती. म्हणजे कार्बन फायबरची पोकळ नळी, जिला ब्लँक म्हणतात, ती विकत आणलेली. मूठ, रील सीट (दोरा गुंडाळणारी रील जिच्यात आवळतात ती नळी) आणि दोरा जाणाऱ्या कड्या मी बसवलेल्या. मासा लागला. दोन वेळा हँडल फिरवलं आणि रील सीटसकट काठीभोवती गर्रकन फिरून वर आली. काठी जिथल्या तिथे, रील आभाळाकडे. मासा अर्थातच गेला.

शेजारचे काका बांबूच्या काठीवर गरवत होते. त्यांच्या बांबूला सीट वगैरे काही नव्हतं. रीलचा पाय, म्हणजे तिचा काठीला टेकणारा चपटा भाग, बांबूवर ठेवून त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळलेली. ते म्हणाले, "थांब, मी बांधून देतंय." माझी रील त्यांनी सीटमधून काढली, वरच्या बुचाच्या मुठीवर ठेवली आणि खिशातल्या ट्यूबने बांधली. ओहोटी लागेपर्यंत ती हलली नाही. सीट चिकटवायला वापरलेला अरल्डाइटच्या जातीचा महागडा इपॉक्सी हरला आणि पंक्चरवाल्याकडचं रबर जिंकलं, असं तेव्हा वाटलं. ते तितकंसं खरं नव्हतं, पण त्याकडे नंतर येऊ.

आधी रीलवर जोर किती येतो ते पाहू. समजा, मासा 5 किलोच्या जोराने दोरा ओढतोय. माझी रील स्पिनिंग जातीची, ती काठीखाली लोंबते, म्हणून हा ओढा काठीपासून 7 सेंटिमीटर खाली लागतो. त्यामुळे रील नुसती पुढे ओढली जात नाही, ती कलंडू पाहते: पायाचं पुढचं टोक काठीत दाबलं जातं आणि मागचं टोक काठीपासून सुटू पाहतं. पाय 6 सेंटिमीटर लांब धरला, तर मागचं टोक उचकटणारा जोर 5 गुणिले 7 भागिले 6, म्हणजे सुमारे 6 किलो. अंगठ्याएवढ्या पायावर 6 किलो, तेही झटक्याझटक्याने.

आता काकांची पट्टी. ताणून गुंडाळलेल्या पट्टीचा प्रत्येक वेढा पायाला दोन्ही बाजूंनी खाली ओढतो, म्हणजे ताणाच्या दुप्पट दाब देतो. 1 किलो ताणाने दहा वेढे दिले की 20 किलो झाले. रबर कालांतराने थोडं सैलावतं. निम्मा दाब गेला असं धरलं तरी 10 किलो उरतात, गरज 6 ची. आणि पट्टीचं टोक नुसतं आत खोचून कसं भागतं? त्याचं उत्तर धक्क्यावरच होतं. होडीचा दोर खुंटाला दोन-तीन वेढे देऊन एक पोरगं मोकळं टोक हातात धरून उभं राहतं आणि भरलेली होडी थांबते. घर्षण प्रत्येक वेढ्यागणिक बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतं; अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने त्याचं सूत्र मांडलं. घर्षणांक 0.3 असेल तर एका वेढ्याला सुमारे साडेसहा पट, तीन वेढ्यांना अडीचशे पटींच्या वर. ट्यूबचं रबर तर त्याहून जास्त धरतं.

अमेरिकेत हीच युक्ती 'टेनेसी हँडल' या नावाने चालते. सबंध मूठ बुचाची, सीट नाहीच. रील हवी तिथे ठेवायची आणि इलेक्ट्रिशियनच्या काळ्या पीव्हीसी टेपने गुंडाळायची. वजन कमी, शिवाय रील पुढेमागे सरकवून काठीचा तोल साधता येतो. हलक्या काठ्यांवर आणि गोठलेल्या तळ्यांवर गरवणारे लोक ती हौसेने वापरतात.

इथे बुचाचं कौतुक करायलाच हवं. (आपल्याकडे रस्त्याकडेला पांढरी सुगंधी फुलं सांडतं ते बुचाचं झाड वेगळं, मुठीचं बूच हे एका ओक वृक्षाची साल, आणि जगातलं जवळपास निम्मं बूच एकट्या पोर्तुगालमधून येतं.) रबर वरून दाबलं की बाजूंना फुगतं. बूच जवळजवळ फुगतच नाही, कारण ते कोट्यवधी बंद, हवाभरल्या पेशींचं बनलेलं असतं आणि दाबल्यावर त्यांच्या भिंती नागमोडी दुमडतात. 1665 साली रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली याच पेशी पाहिल्या आणि त्यांना 'सेल' हे नाव दिलं. रीलचा पाय आवळला की बूच त्याच्या आकाराचं खोलगट होतं, आजूबाजूला पसरत नाही आणि दबलेल्या पेशी पायाला उलट रेटत राहतात. पट्टीचा ताण त्यामुळे टिकतो.

मग सीट हवी कशाला? मोठा मासा, मोठी रील आणि घाई, या तिन्हींसाठी. सीटमध्ये एका बाजूला पक्की खाच असते, दुसऱ्या बाजूला आट्यांवर सरकणारी. नट फिरवला की पाय दोघींत आवळला जातो. आट्यांचा चढ इतका कमी असतो की नुसत्या ओढ्याने नट उलटा फिरत नाही; हादऱ्यांनी मात्र फिरू शकतो, म्हणून चांगल्या सीटला दुसरा नट असतो.

पण माझा नट घट्टच होता. सुटली होती ती सीट आणि ब्लँक यांच्यामधली जोडणी. तिच्यावर किती जोर होता? हँडल काठीच्या अक्षापासून 10 सेंटिमीटर बाजूला, त्यावर हाताचा 3 किलो जोर; म्हणजे पिळा 30 किलो-सेंटिमीटर. 12 मिलिमीटर जाडीच्या ब्लँकच्या पृष्ठभागावर त्याचे 50 किलो होतात. सीट 10 सेंटिमीटर लांब, तेव्हा हे 50 किलो सुमारे 38 चौरस सेंटिमीटरवर वाटले जातात: चौरस सेंटिमीटरला जेमतेम 1.3 किलो. नीट जमलेला इपॉक्सी चौरस सेंटिमीटरला शंभर किलोंहून जास्त सहज सोसतो. हिशेब पुन्हा केला. तेच उत्तर.

इपॉक्सी वाळत नाही; रेझिन आणि हार्डनर हे त्याचे दोन भाग मिसळले की तो जमतो. रेझिनच्या रेणूंच्या टोकांना तीन अणूंची ताणलेली कडी असते. हार्डनरमधलं अमाइन नावाचं रसायन ती उघडून स्वतः जोडलं जातं आणि सगळं मिळून एकच जाळं होतं. हार्डनर जास्त घातला तर काम लवकर होईल हा समज चुकीचा, उरलेलं अमाइन जाळं कमकुवतच करतं. मी मोजून समसमान घेतलं होतं. ब्लँक पॉलिश पेपरने घासून स्पिरिटने पुसलाही होता.

शेवटी सीट उकळत्या पाण्यात धरली. घरच्या तापमानाला जमलेला इपॉक्सी साधारण 50-60 अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो. सीट निघाली आणि आतला इपॉक्सी अख्खा, एकसंध, एकही तडा नसलेला. तो चिकटला होता कागदी मास्किंग टेपला.

सीटचं भोक 16 मिलिमीटरचं, ब्लँक 12 चा. मधली जागा भरायला टेपची कडी गुंडाळतात, कड्यांमध्ये मोकळी जागा सोडून, म्हणजे तिथून इपॉक्सी ब्लँकपर्यंत उतरतो. मी नीटसपणाच्या नादात टेप या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गुंडाळला होता. इपॉक्सीने ब्लँकला कधी हातच लावला नव्हता. सगळा पिळा सोसत होता टेपच्या पाठीवरचा तो चिकट थर, जो मुळात रंगाऱ्याला सहज उपटता यावा म्हणूनच बनवलेला असतो. त्यात खारं पाणी उघड्या टोकांतून कागदात शिरलेलं आणि काठी मे महिन्यात बंद गाडीत पडलेली.

या वेळी चार कडी, मध्ये दोन-दोन सेंटिमीटर जागा, टेपची टोकंही इपॉक्सीखाली गाडलेली. सीट सरळ ढकलली तर ती पिचकारीच्या दट्ट्यासारखी सगळा इपॉक्सी पुढे खरवडून नेते, म्हणून फिरवत फिरवत आत घेतली. ट्यूबची पट्टी काकांना परत द्यायला गेलो तर म्हणाले, राहू दे तुझ्याकडेच.