परजीवी रोगांसाठी सायक्लोस्पोरिनचे अनुजात

प्रत्यारोपण केलेले मूत्रपिंड किंवा यकृत शरीराने नाकारू नये, म्हणून रुग्णाला रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. यांतील काही औषधे, उदाहरणार्थ सायक्लोस्पोरिन, परजीवींनाही मारतात. मूळ रेणूत फेरफार करून केलेल्या रूपाला अनुजात म्हणतात. प्रतिकारशक्ती दाबण्याचा गुण ज्यांत उरलेला नाही, पण परजीवीवरचा मारा टिकून आहे, असे अनुजात शोधणे हा या संशोधनाचा गाभा आहे. हे काम अजून प्रयोगशाळेच्या टप्प्यावर आहे. सायक्लोस्पोरिनचा एकही अनुजात हत्तीरोग वा हिवतापावरचे औषध म्हणून आरोग्य केंद्रात मिळत नाही.

सायक्लोस्पोरिन एका बुरशीपासून मिळाले. 1969 मध्ये नॉर्वेतील हार्डांगरविड्डा पठारावर सुटीसाठी गेलेल्या सँडोझ या औषध कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने तिथली माती आणली आणि तिच्यात ही बुरशी सापडली. शोध बुरशीनाशकाचा चालला होता, हाती लागले प्रतिकारशक्ती दाबणारे द्रव्य. अमेरिकेत 1983 मध्ये त्याला प्रत्यारोपणासाठी मान्यता मिळाली. त्याआधीच, 1981 मध्ये, ते उंदरांतील शिस्टोसोमा या रक्तकृमीवर आणि हिवतापाच्या परजीवीवर परिणाम करते, असे दिसून आले होते.

हे दोन गुण वेगळे का करता येतात, हे रेणूच्या रचनेवरून कळते. सायक्लोस्पोरिन म्हणजे अकरा अमिनो आम्लांचे कडे. त्याची एक बाजू पेशीतील सायक्लोफिलिन या प्रथिनाला धरते. मग ही जोडी मिळून कॅल्सिन्युरिन नावाच्या विकराला (एन्झाइमला) अडवते, आणि टी पेशींना, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, जागे करणारा निरोप तिथेच थांबतो. प्रतिकारशक्ती दबते ती या दुसऱ्या पायरीवर. कड्यातील चौथ्या जागेवरचे अमिनो आम्ल बदलले, की सायक्लोफिलिनची पकड राहते, पण कॅल्सिन्युरिन मोकळे सुटते. अ‍ॅलिस्पोरिव्हिर आणि एनआयएम-811 हे असे अनुजात आहेत. परजीवींच्या शरीरातही सायक्लोफिलिने असतात, म्हणून प्रतिकारशक्ती न दाबणारी काही रूपे त्यांनाही बाधतात. मात्र प्रत्येक परजीवीत मारा नेमका कोणत्या वाटेने होतो, हे सारखे नाही. काहींत कॅल्सिन्युरिन अडवणेच महत्त्वाचे असते, आणि तिथे असा बदल केलेला रेणू दुबळा पडू शकतो.

विदर्भाच्या खेड्यांत या विषयाला सर्वांत जवळचा रोग म्हणजे हत्तीरोग. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, वर्धा या जिल्ह्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी हा दोऱ्यासारखा जंत लसीकावाहिन्यांत (ऊतींतले पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत) कित्येक वर्षे जगतो. त्याची पिल्ले रात्री रक्तात उतरतात, म्हणून रक्तनमुनेही रात्रीच घेतात. तुंबलेल्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास ती पुढच्या माणसाकडे नेतो. रोवणीच्या दिवसांत सुजलेला पाय घेऊन दिवसभर बांधीतल्या चिखलात उभे राहावे लागते. कातडीच्या भेगांतून जिवाणू शिरतात, ताप भरतो, आणि प्रत्येक तापानंतर पाय आणखी जड होतो. सामूहिक मोहिमेत डीईसी (डायइथाइलकार्बामाझिन) आणि अल्बेंडाझोल ही जंतांवरची औषधे देतात. 2019 मध्ये नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिन जोडून तीन औषधे देण्यास सुरुवात झाली. या गोळ्या पिल्लांचा चांगला नायनाट करतात, पण मोठे जंत सगळेच मरत नाहीत. मोठा जंत निश्चितपणे मारणाऱ्या, सुरक्षित औषधाची जागा अजून रिकामी आहे. प्राण्यांतील फायलेरिया कृमींवर, म्हणजे हत्तीरोगाच्या जंताच्या जातकुळीतील कृमींवर, सायक्लोस्पोरिन व त्याचे अनुजात वापरून पाहिले गेले, ते याच आशेने. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत या रोगाच्या निदानचाचण्यांवर दीर्घकाळ काम झाले आहे, आणि नव्या औषधाची परीक्षा अशा चाचण्यांशिवाय होऊच शकत नाही.

गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील फाल्सिपेरम या घातक प्रकारच्या हिवतापावर आर्टिमिसिनिन-आधारित संयुक्त उपचार उपलब्ध आहे, त्यामुळे तिथली निकड वेगळी आहे. तिथे नवे औषध लागेल ते पुढे परजीवीचा या औषधांना प्रतिरोध वाढल्यास.

प्रतिकारशक्ती दाबणारे प्रत्येक औषध जंतांना मारते, असा अर्थ यातून कोणीही काढू नये. स्टेरॉइडे नेमके उलट करतात. अनवाणी चालताना मातीतून कातडीत शिरणारा स्ट्राँगिलॉइडिस हा जंत आतड्यात वर्षानुवर्षे गुपचूप राहतो. दमा, सांधेदुखी किंवा खाज यांसाठी मेडिकलमधून स्टेरॉइडच्या गोळ्या आणून कोणी दीर्घकाळ घेतल्या, की त्याच्या अळ्या शरीरभर पसरून जीव जाऊ शकतो. सायक्लोस्पोरिन घेणाऱ्या प्रत्यारोपण रुग्णांत हा उद्रेक तुलनेने कमी दिसतो. एकाच वर्गातली ही दोन औषधे किती वेगळी वागतात, ते यावरून दिसते.

मूळ सायक्लोस्पोरिन मूत्रपिंडाला अपाय करते आणि रक्तातील त्याची पातळी वारंवार मोजावी लागते. क्षयाचा सुप्त संसर्ग, कुपोषण आणि सिकलसेल जिथे घरोघरी भेटतात, तिथे ते गावभर वाटणे धोक्याचे ठरेल. अनुजातही निर्धोक नाहीत. हिपॅटायटिस सी वरील अ‍ॅलिस्पोरिव्हिरच्या चाचण्या 2012 मध्ये स्वादुपिंडदाहाच्या घटनांमुळे थांबवाव्या लागल्या, जरी सोबत इंटरफेरॉन हे दुसरे औषधही दिले जात होते. हत्तीरोगाच्या मोहिमेत गोळी घेणारी बहुतेक माणसे धडधाकट असतात. आशाताई दारात उभ्या राहून, ‘काही खाल्लं का?’ विचारून गोळी समोरच गिळायला लावतात. कोणताही अनुजात त्या दारापर्यंत पोहोचायचा, तर त्याची एक-दोन मात्रा पुरायला हवी आणि रक्ततपासणीविना ती देता यायला हवी.