मी जास, तू जास, ती बी जास

अमळनेरच्या स्टँडवर जळगावची एसटी लागली होती, पण सुटायला वेळ होता. मांडीवर बॅग, पायाशी भरताच्या वांग्यांची पिशवी, आणि शेजारची आजी माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपलेली. मागे वळून बघायची सोय नव्हती. मागच्या सीटवरचं फोनवरचं बोलणं मात्र स्वच्छ कानावर येत होतं. आवाज कोवळा, असेल बारा-तेरा वर्षांचा.

"मी मामाना गावले जास. हां, आते गाडीमा शे."

मुलगा की मुलगी? आवाजावरून कळेना, आणि वाक्यावरून तर कळायची शक्यताच नव्हती. हेच पोर प्रमाण मराठीत बोललं असतं, तर 'जातो' किंवा 'जाते' म्हणावंच लागलं असतं. फरक शेवटच्या एका स्वराचा, पण तो उच्चारल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. अहिराणीत मी जास, तू जास, तो जास, ती जास. चौघांना एकच रूप. अनेकवचनात ते 'जातस' होतं, पण तिथेही बायका कोण आणि पुरुष कोण हे क्रियापद सांगत नाही.

मी हे सगळं ऐकत होते. बघा, 'होते' लिहिलं आणि मी कोण ते तुम्हाला कळलं. इथवर कसंबसं टाळलं होतं.

याचा अर्थ अहिराणीला लिंगच नाही असा कुणी काढू नये. 'मना भाऊ' आणि 'मनी बहीन' आहेच. तो 'काय करी ऱ्हायना' आणि ती 'काय करी ऱ्हायनी' हेही आहे. मुलगा अंडोर, मुलगी अंडेर: तिथेही एका स्वरावर सगळा खेळ. फक्त साध्या वर्तमानकाळात ही भाषा लिंगाची चौकशी करत नाही.

मग प्रमाण मराठी का करते? त्याचं उत्तर व्याकरणाच्या इतिहासात आहे. 'वाहता ओढा, वाहती नदी' यातले वाहता-वाहती हे शब्द क्रियापदापासून बनले असले, तरी वागतात विशेषणासारखे. 'आ'ने संपणारं विशेषण म्हटलं की मराठीत ते नामाच्या लिंगाप्रमाणे बदलणारच. मराठीचा आजचा वर्तमानकाळ या 'वाहता'सारख्या रूपांवर उभा राहिला, म्हणून ओढा वाहतो आणि नदी वाहते. त्याआधीच्या मराठीत वर्तमानकाळ वेगळा होता आणि त्याला लिंग नव्हतं. पुरावा तुमच्या तोंडात आहे: तुका म्हणे आणि जनी म्हणे. संत पुरुष असो की बाई, 'म्हणे' तेच. आज तेच सांगायचं तर तुका म्हणतो, जनी म्हणते. 'करस-जास' ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं. या एका बाबतीत अहिराणी अभंगांच्या जास्त जवळची आहे.

अहिराणी स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद मी इथे उकरत नाही. स्टँडवरच्या टपरीवर तो रोज निघतो. जॉर्ज ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०७ सालच्या खंडात खानदेशीला, जिच्यात अहिराणी येते, मराठीत न बसवता भिल्ली भाषांच्या पंगतीत बसवलं आहे. २०११ च्या जनगणनेतही खानदेशीची वेगळी नोंद आहे, बोलणारे सुमारे १८ लाख ६० हजार.

क्रियापदाला लिंग नसलं म्हणजे घरात समता येते, असं मानणारे लोक मला भेटतात. फारसी आणि तुर्कीत तर 'तो' आणि 'ती' यांना शब्दसुद्धा एकच आहे. आमच्या अहिराणी घरांतही मी करस, तू करस. पण भाकरी कोण करस हे सगळ्यांना माहीत असतं. उलटं उदाहरण कोल्हापूरकडचं. तिथल्या कितीतरी बायका 'मी आलो', 'मी जेवलो' असं सहज म्हणतात, आणि त्यात त्यांचं बाईपण कुठे सांडत नाही.

आता तो एका स्वराचा खेळ जरा जवळून पाहू. तुमच्या घरातल्या वस्तू मोजा: डबा-डबी, लोटा-लोटी, सुरा-सुरी. शेतात गाडा आणि गाडी, अंगणात मुंगळा आणि मुंगी. शेवटी 'आ' असला की वस्तू मोठी आणि पुल्लिंगी, 'ई' आली की लहान आणि स्त्रीलिंगी. विळा-विळीची जोडी तर मला फार बोलकी वाटते. विळा रानात, विळी चुलीपाशी. आकार, लिंग आणि कामाची वाटणी, तिन्ही एका स्वरात.

ही 'ई' लहानच का वाटावी? अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपिर यांनी १९२९ साली एक सोपा प्रयोग छापला. 'मिल' आणि 'माल' असे दोन निरर्थक शब्द घ्या. दोन्हीचा अर्थ टेबल समजा. मोठं टेबल कोणतं? सुमारे ८० टक्के लोकांनी 'माल'कडे बोट दाखवलं. आरशासमोर उभं राहून 'ई' म्हणून बघा. जीभ पुढे आणि वर सरकते, तोंडातली पोकळी चिमुकली होते आणि आवाजातले वरचे सूर पुढे येतात. 'आ' म्हणताना जबडा खाली पडतो, पोकळी मोठी होते. वाटी पडली तर किणकिणते, पितळी घंगाळ पडलं तर घुमतं, हे आपला कान लहानपणापासून शिकत आलेला असतो. ध्वनिशास्त्रज्ञ जॉन ओहाला यांनी १९८४ मध्ये हे प्राण्यांपर्यंत नेलं. कुत्रं गुरगुरताना आवाज खाली नेतं, कारण त्याला मोठं दिसायचं असतं. तेच कुत्रं शरण येताना बारीक आवाजात कुंईकुंई करतं.

पण मराठीच्या 'ई'चं सगळं श्रेय या ध्वनिगुणाला देता येत नाही. ती बऱ्याच ठिकाणी संस्कृतातल्या '-इका' या प्रत्ययाची झिजलेली शेपटी आहे. शाटिकेची साडी झाली, तशी. आणि अपवाद शोधायला लांब जायला नको. धुळ्यातून वाहणारी ती पांझरा आणि तिच्या दक्षिणेची ती गिरणा, दोघींच्या शेवटी 'आ', दोघी स्त्रीलिंगी. उलट नाला पुल्लिंगी, तरी नदीपेक्षा लहान. ध्वनीचा कल असतो एवढंच. भाषा त्या कलाने दरवेळी जाईलच असं नाही.

यापुढची गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची: ळ. आमच्याकडे अहिराणीत आणि यावल-रावेरकडच्या लेवा गणबोलीतही 'ळ'चा 'य' होतो. डोळा तो डोया, काळा तो काया, फळ ते फय. जळगाव जयगाव होतं आणि धुळं धुयं. केळीच्या मुलखात केळीलाच 'केयी' म्हणतात, याची बाहेरच्यांना फार गंमत वाटते. पुण्याला होस्टेलवर माझ्याकडून 'डोळे काळे, केळं पिवळं' म्हणून घ्यायचा खेळ जेवणानंतर बरेच दिवस चालला. मी 'ळ' अगदी नीट म्हणायचे आणि तरी सगळ्या हसायच्या.

'ळ' म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला टेकतं, हवा जिभेच्या दोन्ही बाजूंनी निसटते, आणि टोक झटक्यात खाली येतं. ही लहानशी कसरतच आहे. 'य'ला टोक उचलायची गरज नाही, जिभेचा मधला भाग नुसता वर आला की पुरे. जोरात बोलताना कसरत गळते आणि सरकणं उरतं. यात आळस नाही आणि अडाणीपणा तर मुळीच नाही. 'ळ'च्याच घराण्यातल्या तमिळ ध्वनीची चेन्नईच्या बोलीत हीच गत झाली आहे: 'पळम्'चं तिथे 'पयम्' होतं. त्यामुळे केळ्याला तिथे 'वायप्पयम्' म्हणतात. जळगाव आणि चेन्नई, केळं सोलताना दोघांची जीभ एकाच ठिकाणी घसरते. पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे. त्यात गावोगावच्या अशा ध्वनींचं ध्वनिमुद्रण झालं, हे वाचून मला 'ळ'चा बदला घेतल्यासारखं वाटलं होतं.

माझ्या कानाचं एक निरीक्षण आहे. मोजमाप नाही, तेवढ्यापुरतंच घ्या. एकाच घरातले भाऊ-बहीण कॉलेजात गेले की बहिणीचा 'य' आधी जातो. ती बाहेर 'जळगाव' म्हणू लागते, भाऊ मित्रांमध्ये 'जयगाव'च म्हणतो, कधी कधी मुद्दाम जास्त ठसक्यात.

जगातली उदाहरणं पाहिली की हे नवीन वाटत नाही. जॉन फिशर यांनी १९५८ साली अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातल्या एका गावातल्या २४ मुलांच्या बोलण्याचा अभ्यास छापला. वयं ३ ते १०. क्रियापदाच्या शेवटी पुस्तकी '-इंग' म्हणायचं की गावरान '-इन', एवढंच बघायचं होतं. मुली '-इंग' जास्त म्हणत. मजा पुढे आहे: पोहणं, गुद्दा मारणं अशा खेळातल्या क्रियांना 'इन' लागे, आणि वाचणं, दुरुस्त करणं अशा शाळेतल्या क्रियांना 'इंग'. हे वाचून मला आमची पोरं आठवली. 'डोया दुखस' म्हणणारं पोरगं 'फळा' आणि 'शाळा' म्हणताना 'ळ' काढतं, कारण तो शब्दच गुरुजींच्या तोंडून आलेला असतो.

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी १९७२ मध्ये इंग्लंडमधल्या नॉरविच शहराबद्दल लिहिलं. तिथे लोकांना विचारलं, तुम्ही कसं बोलता? बायकांनी आपण आहोत त्यापेक्षा जास्त शुद्ध बोलतो असं सांगितलं, आणि बऱ्याच पुरुषांनी आपण आहोत त्यापेक्षा जास्त गावठी बोलतो असं. गावठी बोलण्यालाही एक छुपी इज्जत असते, ती कष्टाची, रांगडेपणाची. आमच्या पोरांच्या 'जयगाव'मध्ये ती मला ऐकू येते. मुलीला ती इज्जत मिळत नाही. पाहायला आलेली मंडळी तिच्या हातच्या पोह्यांबरोबर तिचा 'ळ'सुद्धा चाखून बघत असतात, नोकरीच्या मुलाखतीतही तेच. मुलगा 'डोया' म्हणाला तर मातीतला, मुलगी म्हणाली तर अडाणी. मुली स्वभावानेच शुद्ध बोलतात हे म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांनी तर यातला विरोधाभासच दाखवून दिला: जे नियम उघड सांगितलेले असतात ते बायका पुरुषांपेक्षा जास्त पाळतात, आणि जे कुणी सांगितलेलेच नसतात, अशा नव्या बदलांत त्याच पुढे असतात.

नवे बदल ऐकायचे तर कॉलेजच्या गेटवर उभं राहावं. 'भो' हा आमच्याकडचा हुकमी शब्द. "काय भो", "चाल भो", "नई भो". काही जण त्याला संस्कृतातल्या 'भोः'शी जोडतात. मला तो सरळ 'भाऊ' झिजून झालेला वाटतो. कसाही आलेला असो, तो पुरुषाला हाक मारायचा शब्द. बाईला 'वं': "काय वं". बाकी मराठीत 'रे' आणि 'गं'. म्हणजे आपण ऐकणाऱ्याचंही लिंग वाक्यात टाचून ठेवतो. आता मुलीच एकमेकींना 'अगं'च्या जागी 'अरे' म्हणतात आणि गटातली एखादी सरळ "ऐक ना भो" म्हणून मोकळी होते.

अमेरिकेत 'ड्यूड'चं हेच झालं. भाषाशास्त्रज्ञ स्कॉट कीसलिंग यांनी २००४ साली या एका शब्दावर निबंध लिहिला. त्यांच्या विद्यार्थ्यांनी कानावर पडलेल्या पहिल्या २० 'ड्यूड'ची टिपणं केली, कोण कोणाला म्हणालं यासकट. मुलं मुलांना सर्वात जास्त म्हणत, आणि त्याखालोखाल मुली मुलींना. कीसलिंग यांच्या मते या शब्दात जवळीक असते, पण गळ्यात पडणारी नाही. जरा सैल, बेफिकीर. 'भो'ची चव याहून वेगळी नाही. 'वं' म्हटलं की माय, काकू, ओटा, पापड आठवतात. 'भो' म्हटलं की कट्टा. मुलींना कट्टा हवा असेल तर त्या शब्द उचलणारच.

हे सगळं डोक्यात चाललं असताना गाडी सुटली. कंडक्टर बाई होत्या. सुटायच्या आधी दारात उभ्या राहून "जयगाव, जयगाव, चला जयगाव" असा पुकारा करत होत्या. माझ्यापाशी आल्या, माझा चष्मा आणि बॅग बघितली आणि म्हणाल्या, "जळगाव का, मॅडम?" न्यूझीलंडमधल्या रेडिओ निवेदकांबद्दल भाषाशास्त्रज्ञ ॲलन बेल यांनी १९८४ मध्ये हेच लिहिलं होतं: एकच माणूस दोन वेगळ्या केंद्रांवर बातम्या वाचतो आणि समोरच्या श्रोत्यानुसार त्याचा 'ट' कधी कडक होतो, कधी मऊ.

"जयगाव," मी म्हणाले. "एक."

त्या हसल्या. मशीनमधून हाफ तिकीट निघालं. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे क्रियापदाला नसलं तरी तिकिटाला लिंग असतं. माझ्या एकदम लक्षात आलं की आता मागच्या सीटचा उलगडा होणार. मी कान टवकारले.

"कठे?"

"धरनगाव."

मशीन पुन्हा किरकिरलं. "घ्या, हाफ."

म्हणजे मुलगी. किंवा बारा वर्षांच्या आतला मुलगा, कारण त्यालाही हाफच. धरणगावला गाडी थांबली, मागे चपलांचा आवाज झाला, आजीचं डोकं अजून माझ्या खांद्यावरच होतं.