ईस्टरची घरगुती सजावट

ईस्टरची घरगुती सजावट म्हणजे ईस्टरच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत घरातल्याच वस्तूंपासून, म्हणजे अंड्यांची टरफलं, कांद्याची सालं, छाटलेल्या फांद्या, झावळीच्या पात्या, रद्दी पेपर असं जे हाताशी असेल त्यातून केलेली सजावट. ही पद्धत मुख्यतः मध्य, उत्तर आणि पूर्व युरोपातली, जर्मनी, ऑस्ट्रिया, पोलंड, युक्रेन, स्वीडन, फिनलंड इथे घरोघरी चालते. हल्ली सुपरमार्केटमध्ये प्लॅस्टिकची अंडी, प्लॅस्टिकचं गवत, चकचकीत कागदातले ससे सगळं तयार मिळतं आणि त्यामुळे घरी केलेली सजावट म्हणजे पैसे वाचवायला केलेली तडजोड असं लोकांना वाटायला लागतं, पण ते बरोबर नाही. ही सजावट सुरूच झाली ती घरात साठलेल्या, उरलेल्या आणि एरवी कचऱ्यात गेल्या असत्या अशा वस्तूंपासून, विकतचं सगळं त्यानंतर आलं.

अंडंच का, याचं उत्तर पण त्यातच आहे. ईस्टर हा येशूच्या पुनरुत्थानाचा सण आणि त्याच्या आधी लेंटचा ४० दिवसांचा उपासकाळ असतो. मध्ययुगातल्या युरोपात या काळात मांसाबरोबर अंडी खायलाही बंदी होती, आणि कोंबड्या तर वसंतात दिवस मोठा व्हायला लागला की जास्तच अंडी घालतात, त्यामुळे सण येईपर्यंत घरात अंड्यांचा ढीग झालेला असायचा. मग ती उकडायची, रंगवायची, चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणायची आणि शेजारीपाजारी, मुलांना, नोकरांना वाटायची. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या हिशेबात ४५० अंड्यांसाठी १८ पेन्स खर्च टाकलेला आहे, ती अंडी रंगवून, सोन्याचा वर्ख लावून राजघराण्यातल्या लोकांना दिली गेली, म्हणजे राजवाड्यात वर्ख लागला तरी मूळ वस्तू कोंबडीचं साधं अंडंच. ग्रीसमध्ये आणि इतर ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांत अंडी लाल रंगवतात, लाल म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, आणि ती रंगवायचा दिवस ठरलेला, गुड फ्रायडेच्या आदला गुरुवार. सशाचा संबंध बराच नंतरचा, १६८२ मध्ये गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाउ नावाच्या जर्मन डॉक्टरने ईस्टरच्या अंड्यांवर जे लिहिलं त्यात अंडी आणणाऱ्या सशाची समजूत येते, तीही जर्मनीच्या सीमेवरच्या आल्सास भागातल्या लोकांची म्हणून.

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते हे माहीत असेलच. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर, त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मध्ये कुठेही येतो. मराठी माणसाला सोप्या भाषेत सांगायचं तर बऱ्याच वर्षी हनुमान जयंतीच्या पुढचा रविवार ईस्टरचा असतो, २०२३ ला हनुमान जयंती ६ एप्रिलला आणि ईस्टर ९ एप्रिलला होता. अधिक महिन्यामुळे कधी कधी मात्र ईस्टर हनुमान जयंतीच्या चांगला तीन-एक आठवडे आधीच येतो, जसा २०२४ मध्ये आला. तारीख आधी बघून ठेवणं सजावटीसाठी महत्त्वाचं आहे कारण फांद्या फुलायला आणि धान्य उगवायला दिवस मोजूनच लागतात.

आता रंग. सगळ्यात जुना, सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते अजूनही सगळ्यात देखणा रंग म्हणजे कांद्याच्या वाळलेल्या सालांचा. आठ-दहा कांद्यांची सालं लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळायची, गाळायची, चमचा-दोन चमचे व्हिनेगर घालायचं आणि त्याच पाण्यात अंडी दहा मिनिटं उकडून तशीच गार होऊ द्यायची. विटकरी ते गडद तपकिरी असा रंग येतो, आपल्या लाल कांद्याच्या सालांनी तर जास्तच खोल. भाजीवाल्याच्या कांद्याच्या टोपलीत तळाशी सालं साठलेलीच असतात, मागितली तर फुकट देतो. व्हिनेगर कशाला, तर अंड्याचं कवच कॅल्शियम कार्बोनेटचं, त्याच्यावर एक पातळ थर असतो, आम्लाने तो थर आणि कवचाचा वरचा भाग किंचित खरवडला जातो आणि रंग धरतो. जास्त ओतलं तर कवच खडबडीत होतं आणि रंगाचे डाग पडतात, म्हणून बेतानेच घालायचं.

बाकीचे रंग पण स्वयंपाकघरातलेच आहेत. हळदीने पिवळा, बिटाने गुलाबी पण तो काही दिवसांत मळकट तपकिरीकडे जातो त्यामुळे बिटावर फार भरवसा ठेवू नये, पालकाने अगदी फिका हिरवा. खरी गंमत जांभळ्या कोबीची आहे, त्याचं पाणी व्हिनेगर घातल्यावर गुलाबी-जांभळं दिसतं आणि आत रात्रभर ठेवलेलं अंडं मात्र बाहेर येतं ते निळं, कारण कोबीतला रंग आम्लात गुलाबी आणि अल्कलीत निळा होतो आणि अंड्याचं कवच अल्कली बाजूचं आहे. आधी हळदीत आणि मग कोबीत बुडवलं की छान हिरवा मिळतो, पालकापेक्षा कितीतरी चांगला. पांढऱ्या अंड्यावर हे रंग खुलतात, गावठी तपकिरी अंड्यावर कांदा सोडून बाकीचे दबतात. वाळल्यावर कापसाने तेलाचा हलका हात फिरवला की चमक येते.

नक्षी हवी असेल तर रंगात टाकायच्या आधी अंड्यावर एखादं पान ओलं करून चिकटवायचं, वरून जुन्या पायमोज्याचा किंवा विरळ कापडाचा तुकडा ताणून दोऱ्याने गच्च बांधायचा, उकडून झाल्यावर सोडलं की पानाच्या जागी फिकी आकृती उरते. जर्मनीत याला पार्सली, क्लोव्हर, फर्नची पानं घेतात, आपल्याकडे कोथिंबीर आणि गाजराचा पाला मस्त उठतो. दुसरी पद्धत म्हणजे कांद्यात गडद रंगवलेलं अंडं सुरीच्या टोकाने किंवा जाड सुईने खरवडून पांढऱ्या रेघांची नक्षी काढणं, पोलंड आणि लिथुआनियात ही फार चालते आणि तिला खर्च काहीच नाही, फक्त हात स्थिर लागतो.

मेणाचं काम त्याहून वरच्या दर्जाचं. युक्रेनमध्ये पिसांका म्हणतात तशी अंडी करायला एका छोट्या नळीच्या लेखणीने मधमाशीच्या मेणाच्या रेषा काढतात, मग फिक्या रंगात बुडवतात, परत मेण, मग त्याहून गडद रंग, आणि शेवटी मेण उष्णतेने वितळवून पुसलं की आतले सगळे रंग एकदम उघडे पडतात. २०२४ मध्ये युनेस्कोने ही परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, आणि कोलोमिया गावात २००० सालापासून पिसांकांचं संग्रहालय आहे, त्याच्या इमारतीचा मधला भागच अंड्याच्या आकाराचा. पूर्व जर्मनीत लुझाशिया भागात सोर्ब नावाचा छोटा स्लाव्ह समाज राहतो, ते लेखणीसुद्धा विकत घेत नाहीत, हंसाच्या पिसाचं टोक त्रिकोणी कापतात, वितळलेल्या मेणात बुडवतात आणि अंड्यावर ठसे उमटवत जातात, ठिपक्यांसाठी टाचणीचं डोकं. बाउत्सेन शहरात ईस्टरआधी या अंड्यांचा बाजार भरतो. पीस, टाचणी आणि मेणबत्तीचा तुकडा एवढ्यावर इतकं बारीक काम उभं राहतं, हे बघितल्यावर दुकानातल्या छापील स्टिकरवाल्या अंड्यांकडे परत बघवत नाही.

टांगायची अंडी मात्र रिकामी करावी लागतात. अंडं आधी साबणाने धुवायचं, जाड सुईने किंवा दाभणाने दोन्ही टोकांना भोकं पाडायची, खालचं थोडं मोठं, सुई आत फिरवून बलक फोडायचा आणि वरच्या भोकातून फुंकत राहायचं की आतलं सगळं वाटीत उतरतं, त्याचं लगेच ऑम्लेट किंवा केक करून टाकायचा, ठेवून द्यायचं नाही. टरफल आतून पाण्याने खळखळून धुवून दिवसभर वाळवायचं. रिकामं अंडं रंगात तरंगतं आणि नीट रंगत नाही, म्हणून कच्चं अंडंच रात्रभर थंड रंगात बुडवून मग फुंकणं जास्त सोपं जातं. दोरा बांधायची जर्मन युक्ती अशी, आगकाडी अर्धी तोडायची, तिच्या मधोमध दोरा बांधायचा, काडी उभी धरून भोकातून आत सोडायची आणि दोरा हलकेच ओढायचा, काडी आत आडवी होते आणि अंडं लटकतं, ना गोंद ना हूक.

ही अंडी टांगतात त्या फांदीला जर्मनीत ओस्टरश्ट्राउख म्हणतात. फोर्सिथिया (पिवळ्या फुलांचं झुडूप), हेझल, चेरी, बर्च, विलो यांपैकी जी बागेत असेल तिच्या फांद्या ईस्टरच्या दोन-तीन आठवडे आधी कापून घरात उबेला पाण्यात ठेवतात, बाहेर अजून थंडी असते आणि घरात कळ्या फुटतात, त्यावर अंडी. बागेतल्या उभ्या झाडावर पण टांगतात, आणि यातलं सगळ्यात प्रसिद्ध झाड थ्युरिंगिया राज्यातल्या झालफेल्ड गावातलं. तिथल्या फोल्कर क्राफ्ट यांनी १९६५ मध्ये अंगणातल्या सफरचंदाच्या लहान झाडावर प्लॅस्टिकची १८ अंडी टांगली, पुढे झाड वाढत गेलं आणि घरच्यांनी स्वयंपाकातली अंडी फुंकून, रंगवून, काहींना क्रोशाची आवरणं विणून भर घातली, होता होता आकडा १०,००० च्या घरात गेला आणि लांबून लोक ते बघायला यायला लागले. सुरुवात प्लॅस्टिकने झाली खरी, पण झाडाला नाव मिळवून दिलं ते घरच्या टरफलांनी.

स्वीडनमध्ये अंड्यांऐवजी पिसं. बर्चच्या फांद्यांची जुडी करून तिला पिवळी, केशरी, हिरवी रंगवलेली कोंबडीची पिसं बांधतात, आणि याचं मूळ जरा कठोर आहे, गुड फ्रायडेला ख्रिस्ताच्या यातनांची आठवण म्हणून याच फांद्यांनी एकमेकांना फटके मारायची चाल होती, पिसं नंतर आली. फिनलंडमध्ये लहान मुलं झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, विलोच्या फांद्या पिसांनी सजवून दारोदार फिरतात आणि शुभेच्छांच्या बदल्यात चॉकलेट घेतात.

फिनलंडचीच दुसरी पद्धत म्हणजे ताटलीत राय गवत पेरणं, ईस्टरच्या साधारण दहा दिवस आधी मातीच्या पातळ थरावर दाटीने बी टाकायचं, ओल टिकवायची, सणाला हिरवागार गालिचा तयार आणि त्यात रंगीत अंडी ठेवायची. घटस्थापनेला धान पेरणाऱ्या घरात हे कोणाला शिकवायला नको, गव्हाने अगदी तसंच होतं आणि प्लॅस्टिकच्या गवताची गरजच राहत नाही. जर्मनीत मुलं अर्ध्या टरफलात कापूस घालून क्रेस पेरतात, टरफलावर डोळे-नाक काढतात आणि आठवड्याभरात डोक्यावर हिरवे केस उगवतात. हे क्रेस म्हणजे आपलं अळीवच, बाळंतिणीच्या लाडवातलं, त्यामुळे बी कुठे मिळणार हा प्रश्नच नाही. अळीव भिजल्यावर चिकट होतं म्हणून आधी भिजवू नये, कोरडंच ओल्या कापसावर भुरभुरावं.

महाराष्ट्रात आणि गोव्यात ईस्टरच्या सजावटीची सुरुवात अंड्यापासून नाही, झावळीपासून होते. पोलंड-रशियात झावळ्या मिळत नाहीत म्हणून तिथे झावळ्यांच्या रविवारी विलोच्या फांद्या घेतात, आपल्याकडे वसईत, मुंबईच्या गावठाणांत, गोव्यात खऱ्या झावळ्या आहेत. चर्चमधून आशीर्वादित होऊन आलेल्या पात्या विणून छोटे क्रूस करतात आणि ते देव्हाऱ्यात किंवा भिंतीवरच्या क्रूसामागे वर्षभर राहतात, पुढच्या वर्षी लेंट सुरू होतो त्या राखेच्या बुधवारासाठी जी राख लागते ती अशाच जुन्या झावळ्या जाळून केलेली असते. पाती ओली असतानाच विणावी, वाळली की घडीवर तडकते. गोव्यात आणि मुंबईत अंडं असतं ते मार्झिपॅनचं, बदामाऐवजी बऱ्याचदा काजूच्या पिठाचं, साच्यात दोन अर्धी करून जोडलेलं आणि वर आयसिंगची फुलं, ते काही फार स्वस्त पडत नाही पण घरी केलं तर बेकरीपेक्षा बरंच कमी.

इथल्या हवेत करताना दोन-तीन गोष्टी बघाव्या लागतात. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात उकडलेली अंडी सजावट म्हणून दिवसभर टेबलावर ठेवून मग खाऊ नयेत, मांडायला रिकामी टरफलं आणि खायला फ्रिजमधली वेगळी. दोन वाट्या मैदा, वाटीभर मीठ आणि वाटीभर पाणी मळून केलेल्या पिठाचे ससे आणि पक्षी पुण्या-नाशकाच्या कोरड्या हवेत छान टिकतात, कोकणपट्टीत मात्र मीठ ओल धरतं आणि ते मऊ पडतात, तिथे भिजवलेल्या अंड्यांच्या पुठ्ठ्याचा लगदा वापरावा. त्याच पुठ्ठ्याच्या ट्रेमधले उंचवटे कापून पिवळे रंगवले की डॅफोडिलची फुलं होतात. फोर्सिथिया इथे मिळत नाही आणि शोधायचीही गरज नाही, पेरूची किंवा डाळिंबाची छाटलेली सुकी फांदी जड बरणीत वाळू भरून उभी करायची, कागदी बोगनवेल लावायची, अंडी टांगायला ती उत्तम. सण झाल्यावर नक्षीची टरफलं अंड्यांच्या ट्रेमध्ये कापूस घालून ठेवली तर वर्षानुवर्षं राहतात, फक्त आतून नीट धुतलेली हवीत, नाहीतर पावसाळ्यात वास येतो आणि मुंग्या लागतात.