निकामी जलवाहिनीच्या पोटातली पोकळी

जमिनीत वर्षानुवर्षं पडून गंजलेल्या बिडाच्या पाइपचा एखादा तुकडा हातात घेऊन पाहावा. गोलाई शाबूत असते, जाडीही जवळपास तेवढीच. पण चाकूचं टोक टेकवून जोर दिला की ते खडूत रुतावं तसं आत जातं आणि बोटांना पेन्सिलीच्या शिशासारखी काळी पूड लागते. ते ग्रॅफाइट असतं. बिडात वजनाने साधारण 3 ते 4 टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात. ओल्या, खारट मातीत लोखंड हळूहळू झिजून निघून जातं आणि ग्रॅफाइट व गंज यांचा सांगाडा तेवढा जागेवर राहतो. पाइप दिसायला पाइपच असतो, पण त्यातला जीव गेलेला असतो.

सगळ्याच पाइपांची अशी गत होते असं नाही. व्हर्सायच्या राजवाड्यातल्या कारंज्यांसाठी सतराव्या शतकात घातलेल्या बिडाच्या वाहिन्या 300 वर्षांहून अधिक काळ चालल्या. पण कधी ना कधी शेजारून नवी वाहिनी टाकली जाते, पाणी तिच्यात वळवलं जातं आणि जुनीचं काय करायचं हा प्रश्न उरतो.

उकरून काढणं हे सरळ उत्तर वाटतं, पण बहुतेक वेळा तेच जास्त नुकसानीचं ठरतं. वर रस्ता असतो, आजूबाजूला विजेच्या केबल, गॅस, सांडपाणी. खोल चर खणला की शेजारच्या वाहिन्यांखालची माती ढिली होते. पाइप ॲस्बेस्टॉस सिमेंटचा असेल तर तो फोडताना किंवा कापताना फुप्फुसांना घातक असलेले तंतू हवेत उडू शकतात. मातीत अखंड पडून राहिला तर तो धोका जवळजवळ नसतो. म्हणून अशी वाहिनी जागच्या जागी, पण रीतसर बंद करतात.

रीतसर म्हणजे नुसता व्हॉल्व्ह फिरवून नव्हे. जुना व्हॉल्व्ह पूर्ण बसेलच असं नाही, आणि बसला तरी मुख्य वाहिनीला जोडलेल्या त्या बंद फाट्यात पाणी साचून राहतं. त्यातलं क्लोरीन संपतं आणि जंतूंना आसरा मिळतो. म्हणून चालू वाहिनीच्या अगदी जवळ पाइप कापून तोंडं कायमची बंद करायची असतात. पाइप धातूचा असेल तर कापण्याआधी आणखी एक गोष्ट तपासावीच लागते. जुन्या इमारतींचं अर्थिंग पुष्कळदा नळाच्या पाइपला जोडलेलं असतं. ते न पाहता पाइप तोडणं कामगाराच्या जिवावर बेतू शकतं.

एवढं केल्यावरही पोकळी उरते, आणि माझ्या मते खरी काळजी तिचीच करायला हवी. समजा पाइपच्या माथ्यावर एक चीर पडली. भूजल त्या चिरेतून आत झिरपतं आणि जाताना बारीक वाळू सोबत नेतं. पाइपला उतार असतोच, त्यामुळे वाळू पुढे वाहून जाते आणि चीर पुन्हा मोकळी होते. आता पाइपच्या वर, मातीत, मुठीएवढी पोकळी तयार झालेली असते. तिच्या छताचे कण खाली पडत राहतात, तेही वाहून जातात आणि पोकळी वर वर सरकते. रस्त्याचा डांबरी थर पुलासारखा तिच्यावर तोलून राहतो, म्हणून वरून काहीच कळत नाही. मग एके दिवशी जड वाहन येतं आणि रस्ता खचतो.

भूजल वर असलेल्या जागी रिकामा पाइप तरंगूही पाहतो. 1 मीटर व्यासाचा पाइप दर मीटर लांबीला सुमारे 785 किलो पाणी बाजूला सारतो. 10 मिलिमीटर जाडीच्या पोलादी पाइपचं स्वतःचं वजन मीटरला 250 किलोच्या आसपास. उरलेला जोर वरच्या मातीने दाबून धरायचा. ती माती कधी खणली, तर पाइप उचलला जाऊ शकतो.

व्यास लहान असेल तर एवढी चिंता नको. 100 मिलिमीटरच्या 100 मीटर पाइपमधली पोकळी 1 घनमीटरही भरत नाही, 600 मिलिमीटरच्या तेवढ्याच लांबीत मात्र ती 28 घनमीटर असते. म्हणून लहान पाइपांची अनेकदा फक्त तोंडं बंद करतात आणि मोठे भरतात.

भरायला नेहमीचं काँक्रीट चालत नाही, त्यातली खडी वाटेत अडकते. सिमेंट, वाळू, औष्णिक वीजकेंद्रातली राख आणि भरपूर पाणी असा पातळ गिलावा लागतो. राखेचे कण सूक्ष्म गोळ्यांसारखे गोल असल्याने मिश्रण सहज घरंगळत जातं. ताकद मुद्दाम कमी ठेवतात. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या व्याख्येत अशा भरावाची दाब सोसण्याची ताकद 8.3 मेगापास्कलपर्यंत असते, आणि पुढे कधी खणावं लागणार असेल तर ती 2.1 च्या खाली ठेवावी असं मानलं जातं. इमारतीच्या काँक्रीटची 20 किंवा त्याहून जास्त असते. लांब पल्ल्यासाठी फेस मिसळलेलं हलकं मिश्रणही वापरतात. मात्र ते पाण्यापेक्षा हलकं असेल आणि पाइपमध्ये पाणी साचलेलं असेल, तर ते पाण्याला ढकलण्याऐवजी त्याच्यावर तरंगतं. तिथे आधी पाणी उपसावं लागतं.

भरताना खरी झुंज हवेशी असते. मिश्रण सखल टोकाकडून सोडतात आणि प्रत्येक उंचवट्यावर उभी नळी काढून ठेवतात. त्या नळीपाशी उभं राहिलं तर आधी हवेचा फुसफुसाट ऐकू येतो, मग गढूळ पाणी उसळतं, मग राखाडी ताकासारखं काहीतरी, आणि शेवटी घट्ट मिश्रण. ते लिटरच्या भांड्यात घेऊन वजन करतात. आत सोडलेल्या मिश्रणाइतकं भरलं, तरच ती नळी बंद करायची. घाई करून जोर वाढवणं धोक्याचं. घनता पाण्याच्या 1.8 पट असेल तर 10 मीटरच्या उंचीफरकाने खालच्या बुचावर 180 किलोपास्कल दाब येतो. मघाचा खडूसारखा पाइप तेवढ्याने फुटेल. म्हणून टप्प्याटप्प्याने भरतात आणि प्रत्येक टप्प्याचा हिशेब ठेवतात. गणितापेक्षा कमी मिश्रण गेलं तर आत हवा कोंडली आहे किंवा वाट तुंबली आहे. जास्त गेलं तर ते कुठेतरी गळतंय, आणि ते ठिकाण शेजारची चालू गटारवाहिनीही असू शकते. तसं दिसताच पंप थांबवायचा. मिश्रण थिजताना पाणी वर सुटतं आणि माथ्याशी बारीक फट राहते, तीही दुसऱ्या दिवशी त्याच नळ्यांतून भरून घ्यावी लागते.

मग व्हॉल्व्हची झाकणं काढून टाकायची आणि नकाशात नोंद करायची: व्यास, खोली, पाइप कशाचा, बुचं कुठे, आत काय भरलं, कोणत्या वर्षी. ही नोंद नसेल तर काही वर्षांनी तिथे खणणाऱ्याला पाइप लागल्यावर तो चालू आहे असंच धरून काम थांबवावं लागतं, आणि चालू नाही याची हरतऱ्हेने खातरजमा झाल्यावरच जपून एक बारीक भोक पाडावं लागतं. त्या भोकातून राखाडी भुकटी बाहेर पडेपर्यंत चरातल्या माणसाला निर्धास्त होता येत नाही.